मदतीची दोरी कोणाच्या हाती?

वाईहून पसरणीचा घाट चढून वर आले की पाचगणी लागते. निवासी शाळा, स्ट्रॉबेरी, टेबल लँड आणि सुटीच्या दिवसांतील मोटारींची रांग एवढीच या गावाची ओळख बहुतेकांना असते. परंतु याच पाचगणीत अर्धशतकाहून अधिक काळ आशियातील माणसांना बोलावून लोकशाहीचे आणि स्वच्छ राज्यकारभाराचे धडे दिले जात आहेत, हे आपल्यापैकी फार थोड्यांना ठाऊक असेल. विकसनशील देशांत लोकशाही रुजावी म्हणून बाहेरून येणारा पैसा हा विषय सध्या चर्चेत आहे. त्याचा विचार करण्यासाठी आम्हाला वॉशिंग्टनला जाण्याची गरज वाटत नाही. तो पाचगणीपासूनच सुरू करता येतो.

‘एशिया प्लॅटो’ हे त्या केंद्राचे नाव. अमेरिकन धर्मोपदेशक फ्रँक बुकमन यांनी १९३८ मध्ये ‘मॉरल रिआर्मामेंट’ म्हणजे नैतिक पुनःशस्त्रीकरण नावाची चळवळ सुरू केली. महात्मा गांधींचे नातू राजमोहन गांधी यांनी ती भारतात वाढवली आणि जानेवारी १९६८ मध्ये पाचगणीच्या उघड्याबोडक्या माळावर हे केंद्र उभे राहिले. त्यासाठी देशातल्या समर्थकांप्रमाणेच परदेशातल्या समर्थकांनीही पैसा आणि श्रम दिले. आज तेथे गर्द झाडी आहे. संपूर्ण प्रामाणिकपणा, पावित्र्य, निःस्वार्थीपणा आणि प्रेम या चार कसोट्यांवर माणसाने स्वतःला तपासावे, माणूस बदलला की देश बदलेल, अशी या मंडळींची श्रद्धा. शीतयुद्धाच्या काळात ही चळवळ कम्युनिझमच्या विरोधात उभी होती, हेही नोंदवले पाहिजे. २००१ मध्ये तिने ‘इनिशिएटिव्हज ऑफ चेंज’ हे नाव घेतले. कारखान्यांतील कामगार व व्यवस्थापक, सरकारी अधिकारी, विद्यार्थी यांची शिबिरे येथे होत आली. लोकशाही खरी कशी करावी या विषयावर अनेक देशांतील लोकांचे संवादही झाले. ‘ग्रामपरी’ या उपक्रमातून आसपासच्या खेड्यांत झरे, स्वच्छता आणि ग्रामपंचायतीचा कारभार यांवर काम झाले. हे काम वाईट आहे असे आम्ही म्हणणार नाही. आमचा प्रश्न वेगळा आहे आणि तो पाचगणीपुरता नाही.

प्रश्न पुढे आला तो २०२५ मध्ये. अमेरिकेत ट्रम्प पुन्हा सत्तेवर आले आणि जानेवारीतच परकीय मदत गोठवली गेली. १६ फेब्रुवारी रोजी तेथील सरकारी खर्चकपातीच्या विभागाने रद्द केलेल्या रकमांची एक यादी जाहीर केली. त्यात भारतातील मतदानाचे प्रमाण वाढवण्यासाठी २ कोटी १० लाख डॉलर असा उल्लेख होता. झाले! आपल्याकडे सत्ताधारी व विरोधक एकमेकांवर तुटून पडले. हा पैसा कोणी खाल्ला, कोणाला जिंकवण्यासाठी आला, याच्या गर्जना सुरू झाल्या. पुढे वृत्तपत्रांनी कागदपत्रे तपासली, तेव्हा त्या रकमेचा प्रकल्प भारताचा नसून बांगलादेशचा असल्याचे दिसले. ऑगस्ट २०२५ मध्ये अमेरिकी दूतावासाचा खुलासाही संसदेपुढे आला की २०१४ ते २०२४ या काळात अशी रक्कम भारतातील मतदानासाठी आली नाही व दिली गेली नाही. तोवर १ जुलै २०२५ पासून यूएसएड ही संस्थाच परराष्ट्र खात्यात विलीन होऊन स्वतंत्रपणे संपली होती. भांडण संपले, पण मूळ प्रश्न कोणी विचारलाच नाही. परक्याच्या पैशाने लोकशाही येते काय? आणि येत नसेल, तर आपल्या पैशाने तरी आपण ती आणतो आहोत काय?

या वादात भारत केवळ घेणारा देश म्हणून रंगवला गेला. वस्तुस्थिती तशी नाही. २००५ मध्ये संयुक्त राष्ट्रसंघात लोकशाही निधी स्थापन झाला, तेव्हा त्यात प्रारंभीच प्रत्येकी एक कोटी डॉलर घालणारे दोन देश होते, अमेरिका आणि भारत. काबूलमध्ये अफगाणिस्तानच्या संसदेची भव्य इमारत भारतानेच बांधून दिली. २५ डिसेंबर २०१५ रोजी पंतप्रधान नरेंद्र मोदी यांनी तिचे उद्घाटन केले. म्हणजे दुसऱ्या देशात लोकशाहीसाठी पैसा देणे हे आपल्या सरकारला पुण्यकर्म वाटते. मग आपल्या देशातील दलित संघटनेला तसाच पैसा आला की तो कारस्थान कसा ठरतो? याचे उत्तर आम्ही पुढे शोधणार आहोत. आधी त्या पैशाचे काय झाले ते पाहू.

काबूलची ती संसद सहा वर्षेही चालली नाही. १५ ऑगस्ट २०२१ रोजी तालिबान राजधानीत शिरले आणि लोकप्रतिनिधींचे सभागृह ओस पडले. कंबोडियाची कथा त्याहून जुनी. १९९१ च्या पॅरिस करारानंतर संयुक्त राष्ट्रसंघाने तो देश जवळजवळ स्वतःच्या हातात घेतला, दीड अब्ज डॉलरहून अधिक खर्च केला आणि मे १९९३ मध्ये निवडणूक घेतली. लोकांनी जिवाची पर्वा न करता भरभरून मतदान केले. परंतु निवडणुकीत दुसऱ्या क्रमांकावर राहिलेल्या हुन सेन यांनी सैन्य व प्रशासन यांच्या बळावर दुसरे पंतप्रधानपद मिळवले आणि जुलै १९९७ मध्ये पहिल्या पंतप्रधानांना बळाने हटवले. नोव्हेंबर २०१७ मध्ये तेथील प्रमुख विरोधी पक्ष न्यायालयाकरवी विसर्जित करण्यात आला. २०१८ च्या निवडणुकीत सत्ताधारी पक्षाने १२५ पैकी १२५ जागा जिंकल्या. मतपेट्या होत्या, निवडणूक आयोग होता, प्रशिक्षित कर्मचारी होते. नव्हती ती लोकशाही.

असे का होते? डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ४ नोव्हेंबर १९४८ रोजी घटना समितीत याचे कारण सांगून ठेवले आहे. भारताची माती मुळात लोकशाहीची नाही आणि लोकशाही हा तिच्यावर टाकलेला वरचा थर आहे, असे त्यांचे निदान होते. थर बाहेरून आणता येतो, माती आणता येत नाही. हे शहाणपण त्यांना पुस्तकातून आलेले नव्हते. ते सातारा जिल्ह्याच्या रस्त्यावर आले होते. बाबासाहेब साताऱ्याच्या शाळेत शिकत होते. १९०१ च्या सुटीत ते भावंडांसह वडिलांना भेटायला निघाले आणि मसूर स्टेशनवर उतरले. गाडी आली, तिकिटे घेतली गेली, स्टेशनमास्तर हजर होता. राज्यकारभार सुरळीत होता. परंतु मुले महार आहेत हे कळताच तोच मास्तर मागे सरला आणि एकही गाडीवान त्यांना नेण्यास तयार होईना. अखेर दुप्पट भाडे मोजून, बैलगाडी मुलांनी स्वतः हाकायची या अटीवर एक गाडी मिळाली. वाटेत जवळ अन्न होते, पण पाणी कोणी दिले नाही. मुले उपाशीच झोपली. आज ज्याला ‘गुड गव्हर्नन्स’ म्हणजे सुशासन म्हणतात ते त्या स्टेशनात होते. वेळापत्रक होते, हिशोब होता, पावती होती. तहानलेल्या पोरांना त्याचा उपयोग शून्य झाला.

म्हणूनच सुशासन आणि लोकशाही हे दोन शब्द एका दमात उच्चारले जातात तेव्हा आम्ही सावध होतो. जागतिक बँकेपासून पाचगणीपर्यंत सर्वांचा भर पहिल्या शब्दावर असतो. कारभार पारदर्शक हवा, अधिकारी प्रामाणिक हवा. यात चूक काही नाही. पण प्रामाणिक अधिकारी जातीयवादी असू शकतो, ही गोष्ट त्यांच्या प्रश्नावलीत नसते. २२ डिसेंबर १९५२ रोजी पुण्यात, म्हणजे पाचगणीपासून शंभरएक किलोमीटरवर, जिल्हा विधी ग्रंथालयात बाबासाहेबांनी लोकशाही यशस्वी होण्याच्या अटी मांडल्या. समाजात नैतिक व्यवस्था हवी, सार्वजनिक सद्सद्विवेक हवा, हे त्यांनी जरूर सांगितले. या ठिकाणी ते पाचगणीकरांच्या जवळ आहेत असे वाटेल. परंतु त्यांची पहिली अट होती ती समाजात ठळक विषमता नसावी ही. दलित-शोषित वर्ग आणि सर्व हक्क गिळून बसलेला वर्ग असे दोन तट असतील, तर लोकशाहीच्या नाशाची बीजे तेथेच आहेत, हा त्यांचा इशारा. विरोधी पक्ष, कायद्यापुढील व प्रशासनातील समान वागणूक, घटनात्मक नीतिमत्ता आणि बहुसंख्याकांच्या जुलमाला आळा, याही अटी त्यांनी घातल्या. हृदयपरिवर्तन झाले तर आनंदच आहे. पण ते होईपर्यंत विहिरीवर कोणाचा हक्क हे कायद्याने ठरले पाहिजे आणि तो कायदा अंमलात आला पाहिजे.

विहिरीचे उदाहरण आम्ही उगाच देत नाही. पाचगणी ज्या सातारा जिल्ह्यात आहे, त्याच जिल्ह्यातील माण तालुक्यात कुळकजाई हे गाव आहे. एप्रिल २००७ मध्ये तेथे आपल्या जमिनीत विहीर खोदू पाहणाऱ्या एका दलित शेतकऱ्याला जीव गमवावा लागला. २०१० मध्ये सत्र न्यायालयाने आरोपींना निर्दोष सोडले. त्या गावात ग्रामपंचायत होती, तलाठी होता, पोलीस ठाण्याची हद्द होती. एका बाजूला डोंगरावर लोकशाही खरी कशी करावी याचे चिंतन आणि दुसऱ्या बाजूला माणच्या दुष्काळी रानात पाण्यासाठी पडलेला माणूस. या दोहोंतील अंतर ज्या मदतीने कमी होईल ती मदत आम्हाला हवी आहे. जी मदत हे अंतर दिसूच देत नाही, ती कितीही पवित्र हेतूने आलेली असो, तिचा आम्हाला काय उपयोग?

येथे कोणी विचारील की मग मदत घेऊच नये काय? आमचे तसे मत नाही. मदतीचे दोन नमुने आपल्या इतिहासातच आहेत. पहिला राजर्षी शाहू महाराजांचा. ३१ जानेवारी १९२० रोजी ‘मूकनायक’ निघाले, त्यासाठी महाराजांनी अडीच हजार रुपये दिले. पत्रात काय छापावे हे त्यांनी सांगितले नाही. उलट त्याच वर्षी मार्चमध्ये माणगावच्या परिषदेत, तुम्हाला तुमचा पुढारी मिळाला आहे, अशा अर्थाचे बोलून ते बाजूला झाले. दुसरा नमुना हरिजन सेवक संघाचा. पुणे करारानंतर सप्टेंबर १९३२ मध्ये तो स्थापन झाला. अध्यक्ष घनश्यामदास बिर्ला, चिटणीस अमृतलाल ठक्कर. त्या नोव्हेंबरमध्ये लंडनला जाताना बाबासाहेबांनी बोटीवरून ठक्करांना सविस्तर पत्र लिहिले. विहिरी, शाळा, वाहने येथे अस्पृश्यांचे नागरी हक्क मिळवण्यासाठी संघाने मोहीम हाती घ्यावी आणि काम करणारे कार्यकर्ते अस्पृश्यांतूनच घ्यावेत, असा त्याचा आशय होता. त्या पत्राची पोचसुद्धा आली नाही. अस्पृश्यता हे सवर्णांचे पाप, म्हणून प्रायश्चित्ताचा कारभारही सवर्णांच्याच हाती, असा युक्तिवाद पुढे आला. पैसा अस्पृश्यांच्या नावाने आणि दोरी देणाऱ्याच्या हाती! परकीय मदत असो की देशी, तिची परीक्षा याच दोन नमुन्यांवर घ्यावी लागते.

परदेशी पैशाने दलितांचे काहीच भले झाले नाही असेही आम्ही म्हणणार नाही. २००१ मध्ये दक्षिण आफ्रिकेतील डर्बन येथे वंशभेदविरोधी जागतिक परिषद भरली. भारत सरकार जातीचा प्रश्न तेथे येऊ देण्यास राजी नव्हते. तरीही दलित कार्यकर्ते तेथे पोहोचले आणि जगाने ऐकले. २००२ मध्ये संयुक्त राष्ट्रसंघाच्या वंशभेद निर्मूलन समितीने जन्मावर आधारित भेदभावाविरुद्ध स्वतंत्र शिफारस काढली. हा प्रवास परदेशी संस्थांच्या साहाय्याशिवाय कठीण होता. परंतु त्याच काळात दुसरे काहीतरी घडले, ते आपण स्वतःशी कबूल केले पाहिजे. वस्तीतला तडफदार कार्यकर्ता प्रकल्पाचा समन्वयक झाला. मोर्चाची जागा कार्यशाळेने घेतली. अहवाल इंग्रजीत लिहिला जाऊ लागला. तो लंडनमध्ये वाचला गेला, पण ज्या वस्तीचा होता तिने कधी पाहिला नाही. तीन वर्षांचा प्रकल्प संपला की कार्यालयाला कुलूप आणि कार्यकर्ता घरी. अत्याचार मात्र प्रकल्पाची मुदत पाहून होत नाही.

आता सरकारच्या वागण्याकडे वळू. परकीय देणगीवर नियंत्रण आणणारा कायदा आला तो १९७६ मध्ये, ऐन आणीबाणीत. २०१० मध्ये तो नव्याने झाला आणि सप्टेंबर २०२० च्या दुरुस्तीने त्याचा फास आवळला गेला. प्रशासकीय खर्चाची मर्यादा ५० टक्क्यांवरून २० टक्क्यांवर आली. प्रत्येक संस्थेला दिल्लीतील स्टेट बँकेच्या एकाच शाखेत खाते उघडणे बंधनकारक झाले. एका संस्थेने दुसरीला परदेशी निधी देण्यास बंदी झाली. या शेवटच्या तरतुदीचा घाव कोणावर पडला? तालुक्याच्या पातळीवरील छोट्या संघटना थेट परदेशात अर्ज करू शकत नव्हत्या. मोठ्या संस्थेमार्फत मिळणाऱ्या चार पैशांवर त्या चालत, ती वाट बंद झाली. एप्रिल २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने या दुरुस्त्या वैध ठरवल्या. त्याआधीच, डिसेंबर २०१६ मध्ये, गुजरातमधील ‘नवसर्जन’ या संस्थेची परकीय निधीची नोंदणी रद्द झाली होती. सुमारे सोळाशे गावांत अस्पृश्यता कोणकोणत्या रूपांत पाळली जाते, याची पाहणी करणाऱ्यांपैकी ही एक प्रमुख संस्था. तिच्यावर ठपका होता सलोख्याला बाधा आणल्याचा! ऊनाच्या अत्याचाराला तेव्हा सहा महिनेही झाले नव्हते. अस्पृश्यता पाळल्याने सलोखा बिघडत नाही, ती मोजल्याने बिघडतो, असा याचा अर्थ घ्यायचा काय?

आणि राजकीय पक्षांचे काय? मार्च २०१४ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने काँग्रेस आणि भाजप या दोन्ही पक्षांनी वेदान्त समूहाशी संबंधित कंपन्यांकडून देणग्या घेऊन याच कायद्याचा भंग केल्याचा निकाल दिला. कारवाई व्हायला हवी होती. झाले उलटेच. २०१६ च्या वित्त विधेयकातून ‘परकीय स्रोत’ या शब्दांची व्याख्याच बदलण्यात आली आणि २०१८ मध्ये तो बदल ५ ऑगस्ट १९७६ पासून लागू असल्याचे ठरवण्यात आले. बेचाळीस वर्षे मागे जाऊन दोष धुऊन काढला! वर आम्ही विचारले होते की एकाचा पैसा पुण्य आणि दुसऱ्याचा कारस्थान कसा. त्याचे उत्तर येथे आहे. आक्षेप परकीय पैशाला नाही. तो पैसा सत्ताधाऱ्याला प्रश्न विचारणाऱ्याच्या हाती पडू नये, एवढाच आग्रह आहे.

परंतु या सर्व चर्चेत आपली नजर परक्याच्या तिजोरीवर खिळून राहते आणि स्वतःची तिजोरी लुटली जाते तिकडे लक्ष जात नाही. मे २०२५ मध्ये महाराष्ट्र सरकारने लाडकी बहीण योजनेसाठी सामाजिक न्याय विभागाचे ४१० कोटींहून अधिक आणि आदिवासी विकास विभागाचे ३३५ कोटींहून अधिक रुपये वळवले. खात्याच्या मंत्र्यांनीच जाहीर नाराजी व्यक्त केली. बहिणींना पैसे मिळावेत, त्यात दलित-आदिवासी बहिणीही आहेत. पण त्यासाठी मागासवर्गीय विद्यार्थ्यांच्या वाट्याला हात का? आंध्र प्रदेश आणि कर्नाटक यांनी २०१३ मध्येच अनुसूचित जाती-जमातींच्या निधीला कायद्याचे कुंपण घातले. आपल्या फुले-शाहू-आंबेडकरांच्या महाराष्ट्रात तशा कायद्याची मागणी वर्षानुवर्षे करावी लागते. हा निधी म्हणजे कोणा परदेशी दात्याचे दान नव्हे. तो घटनेने मान्य केलेला आपला वाटा आहे. सुशासनाची खरी शाळा भरवायची तर ती मंत्रालयाच्या सहाव्या मजल्यावर भरवली पाहिजे.

लोकांच्या स्वतःच्या बळावर किती मोठे काम होते, याचे दाखले आपल्याकडे आहेत. माहितीच्या अधिकाराची लढाई राजस्थानच्या खेड्यांत मजदूर किसान शक्ती संघटनेने लढवली. परकीय निधी घ्यायचा नाही हा तिचा नियम. १९९६ मध्ये ब्यावर येथे चाळीस दिवस धरणे झाले, तेव्हा गावकऱ्यांनी धान्य आणून दिले. महाराष्ट्रातही आंदोलनांच्या रेट्याने हा कायदा झाला आणि २००५ मध्ये तो देशभर आला. दुसरा दाखला तर पाचगणीच्याच परिवारातला आहे. राजमोहन गांधींनी १९६४ मध्ये मुंबईत ‘हिम्मत’ हे साप्ताहिक सुरू केले. आणीबाणीत ते सेन्सॉरशी झुंजले. छापखानेवाले छापायला घाबरू लागले, तेव्हा त्याने वाचकांना हाक दिली आणि वाचकांच्या पैशातून छोटा छापखाना उभा राहिला. स्वातंत्र्याची खरी परीक्षा आली त्या दिवशी धावून आला तो सामान्य वाचकाच्या खिशातला पैसा.

आपल्या चळवळीला हे नवीन नाही. समाजाच्या वर्गणीवर परिषदा झाल्या, सत्याग्रह झाले, वृत्तपत्रे निघाली, वसतिगृहे चालली. आठ आणे देणारा माणूस पुढच्या सभेत उभा राहून हिशोब विचारत असे. लोकशाहीचे पहिले प्रशिक्षण ते होते आणि त्याला कोणाचा निधी लागला नाही.

म्हणून आमचे म्हणणे एवढेच आहे की बाहेरून मदत येवो, दिल्लीहून येवो की मुंबईहून, ती घेण्यापूर्वी काही प्रश्न विचारावेत. काम काय करायचे हे कोण ठरवणार? ज्यांच्या नावाने पैसा आला, ते कार्यकारिणीवर आहेत की फक्त छायाचित्रात? हिशोब वस्तीत, मराठीत, सर्वांसमोर वाचला जाणार की नाही? आणि पैसा थांबल्यावर मागे काय उरणार, संघटना की कुलूप? या प्रश्नांची उत्तरे आपल्या बाजूची असतील तर मदत जरूर घ्यावी. नसतील तर ती कितीही मोठी असली तरी नम्रपणे परत करावी. पाचगणीच्या केंद्रालाही आमची एक विनंती आहे. मसूरचा स्टेशनमास्तर आणि कुळकजाईची विहीर हे दोन धडे आपल्या अभ्यासक्रमात घ्यावेत. त्यासाठी परदेशातून तज्ज्ञ बोलवावा लागणार नाही. घाट उतरून खाली आले की ते शिकवणारी माणसे प्रत्येक गावाच्या कडेला भेटतील.